गाळलेलं वाक्य

२६ फेब्रुवारी

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

माझं अक्षर बघून दचकू नकोस. कोणी गेलेलं नाही. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. प्रत्यक्षात माझा उजवा गुडघा सहा दिवसांपूर्वी काढून टाकला.

माझा स्वतःचा नव्हे. तो गेल्या एप्रिलमध्येच गेला. त्याच्या जागी जो धातूचा बसवला होता तो आता काढला, कारण त्यात पू झाला. सध्या तिथे औषध कालवलेल्या सिमेंटचा ठोकळा आहे. त्याला हे लोक 'स्पेसर' म्हणतात. पाय धड वाकत नाही, टेकवायचा तोही भीत भीत. एखाद्या टेबलाचा पाय आपल्याला लावला आहे असं वाटतं.

तिसऱ्या मजल्यावर दोन खाटांची खोली आहे. शेजारी खुब्याचं हाड मोडलेली एक बाई आहे, ती सकाळपासून जावयाचं कौतुक सांगते. जावयाचं कौतुक माणसाने दिवसातून किती वेळ करावं याला काही कायदा हवा.

पहिलं ऑपरेशन ज्यांनी केलं त्या डॉक्टरांचा हसरा फोटो इथे प्रत्येक मजल्यावर आहे, लिफ्टमध्येसुद्धा. तेव्हा मला म्हणाले होते, "आजी, आता नुसतं पळायचं!" मी त्यांची आजी नाही. या वेळी गुडघा लाल, गरम आणि भोपळ्याएवढा घेऊन आले, तर दारातूनच हसले आणि रडकं मूल दुसऱ्याच्या कडेवर द्यावं तशी माझी फाईल एका डॉक्टरीणबाईंच्या हातात देऊन निघून गेले.

ही डॉक्टरीणबाई एवढीशी आहे. पायाखाली स्टूल घेऊन ऑपरेशन करते, असं वॉर्डातली मावशी म्हणाली. बिघडलेले सांधे उघडणं हेच तिचं काम. म्हणजे इतरांनी घाण करायची आणि हिने काढायची. मला म्हणाली, "धातूवर जंतू बसले की अंगावर चिकट साय धरतात. तिच्याखाली औषध पोचत नाही. म्हणून सगळं काढायचं, धुवायचं, सहा आठवडे नळीतून औषध द्यायचं आणि जागा स्वच्छ झाली की मगच नवा सांधा. दोन ऑपरेशनं."

मग चष्म्यावरून बघत विचारलं, "पहिल्या तीन आठवड्यांत आला असतात तर नुसतं धुऊन, मधलं प्लास्टिक बदलून कदाचित भागलं असतं. तुम्ही दोन महिने काय करत होता?"

या पोरीला काय सांगायचं? संमतीचा कागद मागितला. त्यात अकरा चुका होत्या. 'संसर्ग' हा शब्द ज्यांना लिहिता येत नाही ते संसर्ग बरा करणार! अकराही लाल शाईने दुरुस्त केल्या आणि मगच सही केली.

कंबरेखाली बधिर केलं होतं, पण कान शाबूत होते. छिन्नी, हातोडा, पुन्हा छिन्नी. सुताराच्या दुकानात निजल्यासारखं वाटत होतं. मग नुसतं पाणी. बादल्यावर बादल्या ओतून अंगण धुवावं तसं. मधेच ती म्हणाली, "पाच तुकडे, पाच बाटल्या, नावं नीट लिहा." नाव तरी बरोबर लिहिलं असेल का, एवढाच विचार माझ्या मनात आला.

दोन महिने काय करत होते ते तुला सांगते. तक्रार लिहीत होते. एप्रिलमध्ये माझं ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरने काम अर्धवट असताना हातमोज्याच्या हाताने फोन उचलला होता. माझ्या डोळ्यांदेखत. गुडघा सुजला तेव्हा मला ते आठवलं आणि मी तीन पानी पत्र लिहिलं. एक स्वल्पविरामही चुकीचा नाही त्यात. आठ दिवसांत तिला वॉर्डातून काढलं. छापखान्यात चाळीस वर्षं प्रुफं तपासली, पण माझ्या लिहिण्याला एवढी किंमत कधी कोणी दिली नव्हती.

तर असं. आपण सहा वर्षांत बोललो नाही, एक फोन सोडला तर. तेव्हा हे पत्र कामापुरतंच आहे. शेजारच्या बाईला एक विचारायचं आहे: तोंडातले जंतू गुडघ्यापर्यंत जाऊ शकतात का? तिच्या माहितीत दातांचं कोणी नाही. मी म्हटलं, माझी एक ओळखीची आहे.

तुझी,
ताई


२१ मार्च

चि. ठमीस,
आशीर्वाद.

तुझं कार्ड मिळालं. 'कुठली दाढ? कधीपासून?' तीन शब्द आणि दोन प्रश्नचिन्हं. शेजारच्या बाईची साधी विचारपूससुद्धा नाही.

मी घरी आले आहे. वॉकर घेऊन खाटेपासून न्हाणीघरापर्यंत जाते, तेवढाच प्रवास. तुझ्या भाऊजींना या आजारपणात नवं आयुष्य मिळालं आहे. माझा ताप वहीत लिहून ठेवतात, त्याचे रंगीत आलेख काढतात, गरज नसताना पाणी उकळतात. पस्तीस वर्षं ज्या माणसाला चहा करता येत नव्हता त्याला तो उत्तम येतो असं दिसून आलं. चीड येते. चहा चांगला होतो याची जास्त येते.

दंडातून आत एक बारीक नळी घातली आहे. तिच्यातून रोज औषध सोडायला हॉस्पिटलची सिस्टर घरी येते. पहिल्या दिवशी भाऊजींनी दार उघडलं आणि मी खाटेवरून बघितलं, तर तीच. जिला मी वॉर्डातून घालवली ती.

"तुम्ही?" मी म्हणाले.

"मी नाव वाचूनच ओळखलं होतं," पिशवी खाली ठेवत ती म्हणाली. "आणि पत्ता तुमच्या तक्रारीवर होताच."

"दुसऱ्या कोणाला पाठवायचं मग."

"वॉर्डातून काढलेल्यांना हीच ड्यूटी असते. हा भाग माझ्याकडे आहे. हात पुढे करा."

भाऊजी म्हणाले, "बसा ना सिस्टर, चहा टाकतो."

"उभीच बरी आहे."

हात धुतले, हातमोजे घातले. नळीचं तोंड पुसलं, मोठ्याने तीसपर्यंत आकडे मोजत. मला ऐकवण्यासाठीच. मग चुकून कोपर खाटेच्या कडेला लागलं, हातमोजा नव्हे, कोपर; तरी तिने दोन्ही मोजे काढले, टाकले, पुन्हा हात धुतले, नवं पाकीट फोडलं. मला वाटलं, ही नाटकं मला दाखवते आहे. दाखवतच होती.

तिच्या पिशवीतला फोन रोज याच वेळी वाजतो. ती बघत नाही. वाजून वाजून थांबतो, पुन्हा वाजतो. औषध संपतं, मोजे निघतात, हात धुऊन होतात, मग ती जिन्यात जाऊन लावते. "कोणाचा असतो?" मी एकदा विचारलं. तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू खुर्चीने प्रश्न विचारला. पण तुझ्या भाऊजींना माणसं सगळं सांगतात, त्यांच्याकडून कळलं. तिच्या वडिलांना काही आठवत नाही. घरी एकटे असतात. फोन करतात, मुलीने उचलला नाही तर तिला शोधायला बाहेर पडतात.

गेल्या मंगळवारी तिने जिन्यात जाऊन फोन लावला आणि पलीकडून कोणी उचलला नाही. ती धावत उतरली. दुसऱ्या दिवशी आली तेव्हा डोळे सुजलेले होते. वडील दोन गल्ल्या सोडून सापडले होते, हात खरचटलेला, पायात एकच चप्पल. हेही भाऊजींनीच विचारून घेतलं. मला ती म्हणाली, "हात पुढे करा."

आता लिहितेच. एप्रिलमध्ये तिने फोन उचलला होता हे खरं. म्हणाली होती, "बाबा, घरातच थांबा, दाराला हात लावू नका." मग फोन ठेवला, दोन्ही हातमोजे काढून टाकले, हात चोळचोळून धुतले आणि नवे मोजे घालून माझं ड्रेसिंग पुरं केलं. हे सगळं मी बघितलं होतं. तक्रारीत फोनपर्यंत लिहिलं. पुढचं वाक्य गाळलं.

विसरले नव्हते. पहिल्या खर्ड्यात ते होतं. वाचून बघितलं तर त्या वाक्याने सगळ्या तक्रारीतला दम जात होता. म्हणून काढलं.

तुझ्या दोन प्रश्नांची उत्तरं. डावीकडची, खालची, शेवटची. डिसेंबरपासून. हिरडी सुजून गाल टम्म झाला होता. शिवणाची सुई मेणबत्तीवर धरली आणि फोडली. भाऊजींच्या जुन्या गोळ्या उरल्या होत्या त्यातल्या चार घेतल्या. दहाव्या दिवशी गुडघा तापला. शेजारच्या बाईचे दात नकली आहेत.

पाच बाटल्यांपैकी चारांत एकच जंतू निघाला. डॉक्टरीणबाई कागद घेऊन आली. "हा कातडीवरचा नाही, तोंडातला आहे. दातांचं काही झालं होतं?" मी म्हणाले, "नाही." तिने खिशातली बॅटरी काढली. "तोंड उघडा." मी म्हणाले, "तुम्ही हाडांच्या डॉक्टर आहात ना?" ती बॅटरी खिशात ठेवून निघून गेली.

आणि तो फोन. गेल्या वर्षी मार्चमध्ये कोणाकडून तरी माझ्या ऑपरेशनचं कळल्यावर पाच वर्षांचा अबोला मोडून तू फोन केलास. "ताई, आधी दात बघून घे, ती खालची दाढ काढून टाक, मग गुडघ्याला हात लावू दे." मी म्हणाले, "गुडघ्याचं ऑपरेशन आहे, जबड्याचं नाही," आणि ठेवून दिला. हॉस्पिटलच्या कागदावर दातांपुढे 'तक्रार नाही' असं लिहिलं. सुवाच्य अक्षरात.

अबोला कशावरून झाला तेही तू विसरली नसशील. माझ्या मुलाच्या लग्नात विहीणबाईंनी विचारलं, "या डॉक्टर का?" आणि मी म्हणाले, "छे, दात उपटते." सगळे हसले. तू न जेवता गेलीस. मी लोकांना सांगत फिरले की ठमीला थट्टा कळत नाही. ती थट्टा नव्हती. सकाळपासून जो येईल तो डॉक्टर बहिणीची चौकशी करत होता आणि मुलाची आई मी होते. तू कॉलेजात गेलीस तेव्हा मी एकोणीस वर्षांची, छापखान्यात दुसऱ्यांची पुस्तकं वाचत होते. तुझ्यामुळे नव्हे, हे मला कळतं. कळून काही उपयोग झाला नाही.

नवा सांधा बसवण्याआधी तोंड साफ करून घ्यायचं आहे. हॉस्पिटलात दातांचा एक माणूस आहे, तो चार अंगठ्या घालतो. त्याच्या हातून करून घेईनही.

येशील का?

ताई


२ जून

प्रिय ठमे,

दुसरं ऑपरेशन होऊन सोळा दिवस झाले. नवा सांधा बसला आहे. या वेळी बाटल्यांत काही उगवलं नाही. अजून काही आठवडे गोळ्या आहेत, आणि "पुन्हा होणार नाही असं मी लिहून देणार नाही" असं डॉक्टरीणबाईंनी तोंडावर सांगितलं. हसऱ्या डॉक्टरांपेक्षा हे बरं. काल वॉकर धरून गॅलरीत गेले आणि परत आले.

तू पत्र मिळताच आलीस, त्या अंगठीवाल्याला खुर्चीपासून बाजूला केलंस आणि दोन दाढा काढल्यास. दुखलं नाही. तोंडात कापूस असल्यामुळे तेव्हा बोलता आलं नाही, आणि कापूस काढल्यावर मी बोलले नाही. तू 'मी सांगितलं होतं' म्हणशील म्हणून दोन दिवस वाट बघत होते. उत्तरही तयार ठेवलं होतं. तू म्हणालीच नाहीस. त्याचा मला इतका राग आला की तू पिशवी उचलून निघेपर्यंत मी तुझ्याशी धड बोलले नाही.

जाताना एवढंच म्हणालीस, "त्या सिस्टरचं काय?"

तू जिना उतरलीस तशी मी लिहायला बसले. हॉस्पिटलच्या कार्यालयाला पत्र, माझी तक्रार मागे घेण्याबद्दल. दुसऱ्या दिवशी ती आली. औषध संपल्यावर मी कागद पुढे केला. तिने उभ्यानेच वाचला.

"हे 'मला आता आठवते त्याप्रमाणे' कशाला?" तिने विचारलं.

"तशी पद्धत असते लिहायची."

"तुम्हाला तेव्हाही आठवत होतं. आणि हे काय, 'बहुधा हातमोजे बदलले असावेत'. बहुधा? बदलले होते."

मी दुसरा कागद घेतला. खाली सही करून दिला. तिने तोही वाचला.

"'माझ्याकडून अनवधानाने उल्लेख राहून गेला.' अनवधानाने?"

चाळीस वर्षांत माझ्या मजकुरावर कोणी बोट ठेवलं नव्हतं, ठमे. भाऊजी स्वयंपाकघराच्या दारात कपबशी घेऊन उभे होते, त्यांनाही आत यायचा धीर होईना. मी तिसऱ्यांदा लिहिलं. 'सिस्टरने हातमोजे बदलले हे मी बघितले होते. तक्रारीत मी ते मुद्दाम लिहिले नाही. माझ्या दाढेच्या आजाराची माहितीही मी लपवली.' चार ओळींत झालं. तीन पानं लागली नाहीत.

मी म्हणाले, "मला माफ करा."

"मला तुमची माफी नको," ती म्हणाली. "याची झेरॉक्स द्या."

भाऊजी तसेच खाली जाऊन दोन प्रती काढून आले. तिने एक घडी करून पिशवीत ठेवली. "उद्यापासून दुसरी येईल," म्हणाली आणि जिन्यात जाऊन फोन लावला. या वेळी पलीकडून उचलला, कारण तिचा आवाज बदलला. तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

डॉक्टरीणबाईंना मी स्वतः सांगितलं, दाढ, सुई, सिस्टर, सगळं. ती म्हणाली, "दाढेचं मला रिपोर्ट आला तेव्हाच कळलं होतं. कार्यालयात मी सांगितलंही, की आठ महिन्यांनी पू झाला, तोही तोंडातल्या जंतूने, त्यात ड्रेसिंगचा काय संबंध. ते म्हणाले, तक्रार लेखी आहे, तुमचं बोलणं तोंडी आहे."

"मग तुम्ही लेखी का नाही दिलंत?"

ती माझी फाईल चाळू लागली. स्टुलावर उभी राहून दोनदा माझा पाय उघडणारी बाई, पण एका कारकुनासमोर चार ओळी लिहायला हात उठला नाही. मी तिला तुच्छ लेखायला निघाले होते, आणि मधेच थांबले. कोणाच्या तोंडाने लेखणार?

कार्यालयाचं उत्तर परवा आलं. दोन ओळी, तीन चुका. 'सदर कर्मचारीने एप्रिल अखेर स्वखुषीने राजीनामा दिला असल्याने प्रकरण बंद करण्यात येत आहे.' स्वखुषीने! तिचं नाव निर्दोष ठरलं असा एक शब्दही त्यात नाही. मी परत लिहिलं. तो शब्द येईपर्यंत दर आठवड्याला लिहिणार आहे. एवढं मला येतं.

भाऊजींना कळलं, ती आता गावाबाहेरच्या एका वृद्धाश्रमात काम करते. वडिलांना तिथेच एक खाट मिळाली आहे. झेरॉक्स तिथे उपयोगी पडली की नाही, ते माहीत नाही. मी म्हणाले, बसची पायरी चढता आली की आधी तिला भेटून येते. भाऊजी सहसा मला विरोध करत नाहीत. या वेळी म्हणाले, "कशाला? तिला काय हवं होतं ते तिने नेलं. आता जाशील ती तुझ्यासाठी जाशील."

दिवसभर त्यांच्याशी बोलले नाही. संध्याकाळी मी म्हणाले, नाही जात. मला हलकं वाटावं म्हणून त्या बाईने पुन्हा माझं तोंड का बघायचं?

तुझं मात्र वेगळं. तुला यावं लागेल. तुझीही माफी मागायची आहे, फोनची, लग्नातल्या त्या वाक्याची, आणि मधे जी वर्षं गेली त्यांची. ती मी पत्रात मागणार नाही. पत्रात मी फार चांगलं लिहिते. त्यावर तू विश्वास ठेवू नयेस. समोर बस, मी अडखळत काय बोलेन ते ऐक, आणि मग पटलं तर माफ कर, नाही पटलं तर जेवून जा.

वाट बघणारी,
तुझी ताई